अकराव्या पानावरची खूण

८ जानेवारी

आत्याबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार.

फोनच करणार होते, पण तुझ्या जावयाने निरोप धाडलाय की बाळ झोपलेलं असताना फोन वाजला तर तो फोन खिडकीतून जाईल आणि करणारीला नंतर शोधून काढण्यात येईल. बाळ जन्मून महिना नाही झाला आणि बाप एवढा बिघडला, पुढे कसं व्हायचं. म्हणून पत्र. याआधी मी आयुष्यात एकच पत्र लिहिलंय, शाळेत, मुख्याध्यापकांना, बाबांच्या सहीने. त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तर तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि मी तुझी गादी चालवतेय. चपलांच्या दुकानातून मला हाकलल्यावर (एका खोक्यात दोन डावे जोडे घातले तर काय बिघडलं, दुसऱ्या खोक्यात दोन उजवे होतेच की) तू वाचनालयाच्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकलास, ते मी विसरले नाही. तुझी ती दोन चाकांची ढकलगाडी घेऊन पहिली फेरी केली. तिचं डावं चाक तुझ्यावर गेलंय, चालतं पण कुरकुरत. ज्या म्हाताऱ्यांना जिना उतरवत नाही आणि ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही, त्यांना पुस्तकं नेऊन द्यायची, जुनी परत आणायची. पेन्शनचा कागद कुठला, कानाचं यंत्र कुठे मिळतं असं काही विचारलं, तर साहेबांना विचारून पुढच्या फेरीला सांगायचं. एवढंच काम. मला वाटलं होतं झोपा काढत करीन.

शिंपीकाकांनी दारातच माझ्या बाहीची शिवण बघितली आणि ही ज्याने घातली त्याला तुरुंगात टाका म्हणाले. मशीन विकून टाकली तरी बसल्या बसल्या त्यांचा पाय चालूच असतो. बस आगारामागच्या सुईणआजीने माझी हनुवटी धरून सांगितलं की तुला मीच बाहेर काढलं, तेव्हाही असंच तोंड होतं. माझा जन्म या गावात झालेला नाही, पण कोण वाद घालणार. आणि चौथ्या मजल्यावरच्या तुझ्या टेलिफोनवाल्या बाई. लिफ्ट बंद, मी धापा टाकत दारात. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, जिन्यात दोनदा बसलीस आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याची खोडी काढलीस. नुसत्या कानांनी ओळखलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई, तिच्यापुढे माझं काय चालणार. पण मला आवडल्या. मी त्यांना सांगितलं की साहेबांच्या टेबलाच्या खणात साप निघाला आणि साहेब कपाटावर चढून बसले. खोकला लागेपर्यंत हसल्या. आता दर खेपेला चार पुस्तकांवर एक थाप फुकट, असं मी ठरवून टाकलंय.

आता खरी बातमी, बसून वाच. वरून तपासणीला माणसं येणार आहेत. साहेबांनी घरपोचचं कपाट उघडलं आणि नाक मुरडलं. पुस्तकं कळकट, पानांवर पेन्सिलीचे डाग. मी म्हटलं, साहेब, सोडा माझ्यावर. दोन मोठे खोडरबर आणले आणि कपाटातलं एकूण एक पुस्तक पुसून काढलं. कुठे फुल्या, कुठे गोल, कुठे गाठी, काय काय गिरवून ठेवलं होतं लोकांनी. हात दुखले, पण आता पुस्तकं अशी दिसतात जशी कुणी उघडलीच नाहीत. साहेब चक्क हसले. मिशीखाली दात आहेत त्यांना, मी पाहिले.

आत्या, मी शाबासकीची वाट बघतेय. कधी नव्हे ती.

तुझी भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद देणार होते, तूर्त ते माझ्याजवळच राहू देत.

तुझं पत्र वाचून मी ओरडले. बाळ उठलं. बाळ उठलं म्हणून जावई उठले, त्यांनी दाराच्या कडीला कापूस गुंडाळलाय, चमच्यांना कापडाच्या टोप्या घातल्यात, आणि एवढं करून सासू ओरडली. आता ते माझ्याशी हातवारे करून बोलतात.

अगं कार्टे, ते डाग नव्हते. त्या खुणा होत्या.

नीट ऐक. आपली पुस्तकं फाटली की बांधणीवाला सगळ्यांना तोच एक तपकिरी पुठ्ठा घालतो. नाव एवढंसं, तेही पुसट. म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षं चार-चार पुस्तकं येणार, त्यातलं वाचलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं, हे त्याने कसं ओळखायचं? म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान धरलंय. पुस्तक वाचून झालं की त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीकशी खूण करायची. नवं पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडायचं. खूण असली तर परत, नसली तर ठेवून घ्यायचं. मी कुणाला शिकवलं नाही, ज्याचं त्याने काढलं. शिंपीकाकांची एकविसाव्या पानावर जोडफुली, टाक्यासारखी. सुईणआजीचा सातव्या पानावर गोल आणि गोलात टिंब. बाईंची अकराव्या पानावर गाठीची खूण, कानातल्या डुलासारखी, खाली लोंबती. साहेबांना यातलं काही माहीत नाही, कारण साहेब पुस्तकं मोजतात, माणसं नाही.

तू त्या तिघांची सगळी वाचलेली वर्षं पुसून टाकलीस. तीही अगदी मन लावून. दुसऱ्या कुठल्या कामात तुला इतकं मन लागलेलं मी पाहिलं नाही.

घडलं ते घडलं. आता पुढच्या फेरीला तिघांना सरळ सांग, माझ्याकडून असं झालं, पुस्तकं पुन्हा चाळा आणि ओळखीची वाटतील त्यांवर पुन्हा खूण करा. ओरडतील, ऐकून घे. शहाणपणा करू नकोस. तुझा शहाणपणा मला पाठ आहे.

लेक बरी आहे. बाळाचं नाक तुझ्या बाबांवर गेलंय, कुणी बोलून दाखवत नाही.

तुझी आत्या

२ फेब्रुवारी

आत्याबाई,

उत्तराला उशीर झाला कारण मी दुरुस्ती करत होते. तू म्हणालीस सांग. मी विचार केला, सांगून काय होणार? शिंपीकाका मला कात्री फेकून मारणार, सुईणआजी मला परत आत ढकलणार. त्यापेक्षा तू तुझ्या पत्रात तिन्ही खुणा इतक्या छान समजावून दिल्या होत्यास की मी बसले आणि त्या परत काढल्या. बाबांची सही जमते तिला एक डूल नाही जमणार?

कुणी काय वाचलं होतं हे थोडंच माहीत होतं. मग मी डोकं चालवलं. खुनाची पुस्तकं सगळी सुईणआजीची, माणसं आणून आणून कंटाळलेली बाई घालवण्याचंच वाचणार. जाडजूड ती शिंपीकाकांची, कापड भरपूर असलं की शिंपी खूश. प्रेमाची, पत्रांची, बोलघेवडी पुस्तकं टेलिफोनवाल्या बाईंची. उरलेल्यांवर ज्याच्या नशिबात जे येईल ते. इतकी वर्षं वाचतायत म्हणजे बहुतेक सगळं वाचलंच असणार ना.

आता गंमत ऐक. शिंपीकाकांनी एक पुस्तक घेतलं, एकविसावं पान उघडलं, जोडफुली दिसली. हे झालंय म्हणाले. मी सहज विचारलं, कसं होतं? तर म्हणाले, सुरुवात बरी होती, शेवट घाईत उरकला, गाठ न मारता दोरा तोडल्यासारखा. आत्या, ते पुस्तक धरण कसं बांधावं याच्यावर होतं.

मला राहवेना. सुईणआजीला मधमाशा पाळण्याचं पुस्तक नेलं, सातव्या पानावर तिचा गोल मीच काढलेला. ती म्हणाली, नको बाई, या पुस्तकानं मला फार रडवलं. मी विचारलं, कुठल्या जागी? तर डोळ्यांना पदर लावून म्हणाली, ती आई जाते तिथं. पुढच्या फेरीला मी शिंपीकाकांचं धरणवाल्या पुस्तकाबद्दलचं मत सुईणआजीला कळवलं. सुईणआजी म्हणाली, शिंप्याला काय कळतंय, शेवट उत्तम आहे. आता त्यांचं माझ्यामार्फत भांडण सुरू आहे. चिठ्ठ्या नेते, चिठ्ठ्या आणते. दोघांचेही गाल वर आलेत. शिंपीकाकांनी दाढीसुद्धा केली. खरं सांग, तुझ्या वेळी एवढी मजा होती?

बाईंकडेही जाते. त्या चारही पुस्तकांचं अकरावं पान बघतात, मिटतात आणि परत देतात. मत वगैरे काही देत नाहीत. मी त्यांना सांगितलं की साहेब मिशीला बूटपॉलिश लावतात, तेव्हा हसल्या नाहीत. थंडीने थकल्या असतील. जिना मात्र मी आता एका दमात चढते.

तपासणीवाले येऊन गेले. पुस्तकांवर पेन्सिलीचे डाग आहेत म्हणून साहेबांना शेरा मिळाला. सध्या दात दिसत नाहीत.

भिंगरी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

मधमाशांपाशी मी हसले, खोटं कशाला बोलू. उशीत तोंड खुपसून हसले, जावयांना वाटलं रडतेय, त्यांनी हातवाऱ्यांनी सांत्वन केलं.

पण बाईंपाशी माझं हसू गेलं. चारही पुस्तकं परत दिली आणि बोलल्या नाहीत, हे तू दोन ओळींत लिहून मिशीकडे वळलीस. शिंपीकाका आणि सुईणआजी न वाचलेल्यावर मत देतील, कारण आपण विसरलो हे कबूल करण्यापेक्षा त्यांना ते सोपं. बाई तशा नाहीत. त्या पुस्तक उघडून दोन पानं वाचणार, एक ओळ ओळखीची वाटणार नाही, आणि कडेला स्वतःची खूण. त्यांच्या मनात काय येत असेल, कर विचार.

तुला माहीत नाही ते सांगते. त्यांची थोरली बहीण त्यांच्याजवळच राहायची. शेवटची वर्षं तिला काही आठवत नसे. आधी वस्तू, मग नावं, मग बाईंनाच विचारायची, तुम्ही कोण. बाईंनी तिचं सगळं केलं. या बाईला गावातले सगळे नंबर तोंडपाठ असायचे. तिला मरणाची भीती नाही, जिन्याची नाही, एकटेपणाची नाही. भीती एकाच गोष्टीची आहे, आणि नेमकी तीच तू तपकिरी पुठ्ठ्यात घालून नेऊन देतेस.

पत्र मिळेल त्याच दिवशी चार मजले चढ आणि खरं सांग. थाप बरोबर नेऊ नकोस.

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

गेले होते. तू म्हणालीस तसंच, पत्र मिळालं त्याच दिवशी. उशीर झालाय.

दार उघडंच होतं. बाईंनी पुस्तकं बांधून दाराशी ठेवलेली, गेल्या फेरीला मी ठेवून गेले होते ती सगळी. म्हणाल्या, साहेबांना सांग, माझं नाव काढून टाका. मी विचारलं का, तर म्हणाल्या, मला आता त्याचा उपयोग नाही. आणि मग इतक्या शांतपणे सांगितलं, जसं कुणाला नंबर जोडून द्यावा. मुलाला बोलावलंय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो गाडी घेऊन येतोय. गावाबाहेर म्हाताऱ्यांचं ते मोठं निवासस्थान आहे ना, दारावर पहारेकरी असलेलं, तिथे खोली घेतलीय. हे घर सोडून देणार. मुलगा कित्येक वर्षं मागे लागला होता, त्या नाही म्हणत होत्या. आता स्वतः हो म्हणाल्या. म्हणाल्या, माझ्या बहिणीने ओळखायला उशीर केला, मी करणार नाही. डोकं जागेवर आहे तोवर आपल्या पायाने गेलेलं बरं.

मी तिथेच सगळं ओकले. खोडरबर, डूल, मधमाशा, सगळं. माझ्या आयुष्यात इतकं सलग खरं मी कधी बोलले नव्हते, घाम फुटला. आणि त्यांनी काय करावं? माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाल्या, "गुणाची पोर आहेस. माझ्यासाठी केवढं रचलंस."

मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, सापाचीही घेतली होतीस. मी तुझं पत्र दाखवलं. म्हणाल्या, तुझी आत्या माझ्यासाठी काहीही लिहील, फार मायेची आहे. मी म्हटलं, थांबा, मी खूण काढूनच दाखवते. तर त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली, पुरे म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडे केलं. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की त्या रडतायत, कारण आवाज अजिबात नव्हता.

जिन्यात मी बसून राहिले. तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं येऊन शेजारी बसलं, त्यालाही खोडी काढून घ्यायची नव्हती.

तू त्यांना लिही. नाहीतर ये. जावई फेकू दे काय फेकायचं ते. मुलानेही काल वाचनालयात फोन केला होता, त्या निवासस्थानाची माहितीपुस्तिका आमच्याकडे ठेवलेली असते, ती आईला हवीय, सगळे नियम आधी वाचायचेत तिला. साहेबांनी ती पोचवायचं काम मलाच दिलंय. म्हणजे तिथवर नेऊन सोडायचं पण मीच.

काय करू?

भिंगरी

२१ फेब्रुवारी

भिंगरी,

माझं पत्र तिला गेलं तर ती तेही मायेच्या खात्यात टाकेल. येऊ शकत नाही, लेकीला ताप आहे. तुला एवढ्यासाठी लिहिलं नव्हतं की तू घाबरशील. आता उतार आहे.

तू तिला खरं सांगत बसू नकोस. तुझ्या तोंडून खरं ऐकायची कुणाला सवय नाही, आणि ती सवय आठवड्यात लागत नाही. पण मी त्या बाईला ओळखते. आयुष्यभर तिने तारेवरून माणसं पकडली. घरी असून घरी नाही म्हणणारे, आवाज बदलून बोलणारे, नवऱ्याच्या नावाने दुसऱ्यालाच फोन लावणारे. कुणी सांगितलेलं तिला पटत नाही. तिने पकडलेलं पटतं.

तेव्हा पुरावा देऊ नकोस. पकडली जा. ती कला तुला उपजत आहे, शाळेपासून प्रत्येक वेळी पकडली गेली आहेस. या वेळी जरा मुद्दाम.

आणि पकडली गेलीस की गप्प बस. हे तुला सगळ्यात जड जाईल.

आत्या

१ मार्च

आत्या,

क्रमाने सांगते, नाहीतर माझंच मला उमजणार नाही.

शनिवारी आधी दुसऱ्या दोघांकडे गेले, खरं बोलायचा सराव म्हणून. शिंपीकाकांना म्हटलं, ते धरणाचं पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही, ती फुली माझी. ते इतके संतापले की पाय चालायचा थांबला. म्हणाले, मी काय वाचलं ते तू मला सांगणार? सुईणआजीला मधमाशांचं सांगितलं, तिने माझीच कीव केली. म्हणाली, तू काय वाचलंयस का ते, नाही ना, मग तुला काय कळणार त्यात आई जाते ते. दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध साहेबांना चिठ्ठी लिहिलीय. एकमेकांशी मात्र समेट झालाय.

मग रविवार. ती पुस्तिका माझ्याकडे होतीच. आदल्या रात्रभर तिचं काय करू म्हणून बसले होते, आणि मग सुचलं. पान अकरा उघडलं आणि कडेला काढला एक झकास डूल.

चौथ्या मजल्यावर सगळं उलटंपालटं. मुलगा स्टुलावर उभा राहून पडदे काढत होता. भला माणूस आहे, आत्या, मी त्याला मनात दुष्ट ठरवून गेले होते, पण पडद्यांच्या घड्या अशा घालत होता जशा आईने घालायला शिकवल्या असतील. खोक्यांची रास खिडकीपर्यंत गेलेली. बाई गादीच्या वळकटीवर बसलेल्या, हातात भिंग. मी पुस्तिका दिली, नमस्कार केला आणि दाराशी उभी राहिले.

त्यांनी काय केलं सांगू? पहिलं पान नाही, फोटो नाहीत. सवयीने सरळ अकरावं उघडलं. त्या पानावर तिथले नियम होते. रात्री नऊनंतर दिवे बंद, असं जिथे छापलं होतं तिथेच शेजारी माझा डूल लोंबत होता.

बाई थबकल्या. मग मुलाला विचारलं, हे छापलंय कधी? त्याने खाली उतरून मागचं पान बघितलं. याच महिन्यात. बाई म्हणाल्या, मी हे वाचलेलं आहे म्हणे. मुलगा घाबरला, त्याने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. त्यांनी तो हात बाजूला केला, जसं कुणी मध्येच लाईनवर आलं तर करत असतील. आणि आत्या, मी गप्प होते. जीभ दातांत धरली होती, अजून दुखतेय.

मग त्यांनी भिंग खाली नेलं आणि ती खूण नीट पाहिली. मला वाटतं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आधी नुसती दिसली की पुस्तक मिटत होत्या. भूत दिसलं तर त्याचे दात कोण मोजत बसतं. पण नियमांच्या पुस्तिकेत भूत म्हणजे जरा अतीच झालं.

त्या म्हणाल्या, "ही उजव्या हाताची आहे."

मला काही कळेना. तर म्हणाल्या, मी डाव्या हाताने लिहिते. एक्स्चेंजमध्ये उजवा हात कायम तारांत असायचा, लिहायला डावाच मोकळा. माझ्या खुणेचं पोट डावीकडे असतं. हिचं उजवीकडे आहे. मग चेहरा माझ्याकडे वळवला. आवाज बदललेला, गोड नाही, सपाट. म्हणाल्या, बस इथे. एका खोक्याच्या झाकणावर मला पेन्सिल दिली आणि डूल काढत जा म्हणाल्या. मी काढत गेले. पहिला, दुसरा, ओळच्या ओळ. सगळ्यांची पोटं उजवीकडे. साहेबांच्या मिशीसारखी अगदी एका रेषेत.

मग दाराशी बांधून ठेवलेली पुस्तकं मागवली. मी नाव काढायला अजून साहेबांकडे गेले नव्हते, ती तशीच होती. एकेक अकरावं पान उघडायचं, भिंग धरायचं, आणि पुस्तक माझ्या मांडीवर टाकायचं. "तुझी. तुझी. ही पण तुझी." प्रत्येक वेळी आवाज थोडा मोठा. मुलगा विचारत होता, काय चाललंय मला कुणी सांगेल का. तेव्हा मी सांगितलं, उभ्या उभ्या, सगळं. तो ऐकता ऐकता एका खोक्यावर बसला. त्यात काचेची भांडी होती. बाईंनी त्या आवाजाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

शेवटचं पुस्तक राहिलं होतं. बांधणीवाल्याकडून परत आलेलं, मी पुसत बसले तेव्हा ते कपाटात नव्हतंच, आणि नंतर मी त्याच्यावर पेन्सिल टेकवलेली नाही. बाईंनी अकरावं पान उघडलं. डूल होता. पोट डावीकडे.

आत्या, त्या खोलीत तेव्हा इतकं शांत झालं की तुझे जावई खूश झाले असते.

त्यांनी ते पान वाचलं. मग पुढचं. मग मागे जाऊन पहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की एकही ओळ लागत नाहीये. मुलालाही कळत होतं. मला थाप सुचली, तोंडापर्यंत आली, हीसुद्धा माझीच, डाव्या हाताने काढलेली. ती गिळली. पकडलीच गेले असते, आणि त्यानंतर बाकी सगळ्या खुणाही त्यांना पुन्हा स्वतःच्याच वाटल्या असत्या.

मग बाई बोलल्या, मला नाही, मुलालाही नाही, त्या पुस्तकालाच. म्हणाल्या, "हे विसरले मी. बरं. एखादं विसरलं तर चालतं. सगळीच विसरले असते तर गेले असते."

मुलाने हळूच विचारलं, मग गाडी? खाली उभी आहे. बाईंनी भिंतीला पाठ टेकली, पहिलं पान काढलं, भिंग धरलं. मला म्हणाल्या, तू पुढच्या फेरीला येशील तेव्हा थापा जिन्यात ठेवून ये, एक मात्र आण, चांगलीशी. दोन ओळी वाचल्या. मग मान वर न करता मुलाला म्हणाल्या, "ती खोकी उचल आधी. उजेड अडतोय."

भिंगरी